क्यूसाठी लांबी बदलणारी प्रवासी नळी: विमानप्रवासाच्या कसोटीवर

स्वतःच्या क्यूने, म्हणजे चेंडूला फटका मारायच्या लांब काठीने, पूल किंवा स्नूकर खेळणाऱ्याला विमानाने परगावी जायचे असले, की तिकिटाइतकीच क्यूची व्यवस्थाही आधी पाहावी लागते. भारतात विमानाच्या केबिनमध्ये क्यू नेता येत नाही. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या यादीत क्यूचे नाव क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक आणि गोल्फ क्लब यांच्या जोडीला आहे. हातातल्या सामानात तिला मनाई आहे आणि चेक-इनच्या सामानात परवानगी. म्हणजे जी वस्तू आपण क्लबमध्ये दुसऱ्याच्या हाती सहसा देत नाही, ती काउंटरवर सोडून द्यायची आणि दुसऱ्या शहरातल्या सामानाच्या पट्ट्यावर ती धड येईल अशी आशा करायची. हा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कठीण प्लॅस्टिकची, एकात एक सरकणाऱ्या दोन भागांची गोल नळी बाजारात मिळते. मासेमारीच्या गळाच्या काठ्या नेण्यासाठी परदेशात अशा नळ्या पूर्वीपासून वापरल्या जातात आणि आता त्याच बनावटीची नळी क्यूसाठी म्हणूनही विकली जाते. मी ती पुण्याहून होणाऱ्या देशांतर्गत प्रवासात आणि परदेशी जाताना वापरली आहे. साधारण एकच बनावट वेगवेगळ्या नावांनी चार ते पाच हजार रुपयांना मिळते, म्हणून हा अभिप्राय कोण्या एका कंपनीविषयी नसून त्या बनावटीविषयी आहे.

आधी एक प्रश्न निकालात काढायला हवा, कारण तो दर वेळी विचारला जातो: क्यू केबिनमध्ये नेण्याची काही सोय आहे का? अमेरिकेत ती बंदच आहे. तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने मार्च 2013 मध्ये लहान चाकू, गोल्फ क्लब, हॉकी स्टिक यांच्याबरोबर पूलच्या क्यूलाही केबिनची परवानगी देण्याचे जाहीर केले होते. विमान कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो बेत सोडून देण्यात आला. ब्रिटनमध्ये स्थिती वेगळी आहे. स्नूकर हा तिथला घरचा खेळ असल्यामुळे असेल कदाचित, पण सरकारी यादीत क्यूला हातातल्या सामानातही मुभा आहे, आणि गोल्फ क्लबला मात्र नाही. या मुभेचा आपल्याला उपयोग थोडा. अनेक कंपन्या हातातल्या सामानाची लांबी 55 सेंटिमीटरच्या आसपास धरतात, तर दोन समान तुकड्यांत उघडणाऱ्या पूलच्या क्यूचा एकेक तुकडाच 73 ते 75 सेंटिमीटर भरतो. शिवाय लंडनहून मुंबईला उतरून पुढचे देशांतर्गत विमान पकडायचे असेल, तर तिथे पुन्हा तपासणी होते आणि ती आपल्या नियमांनी होते. तेव्हा परतीच्या वाटेवर मोह आवरावा आणि क्यू चेक-इनलाच द्यावी.

ही काळजी अवास्तव वाटत असेल तर स्टीफन हेंड्रीचे उदाहरण आठवावे. सात वेळा जगज्जेता झालेल्या या स्कॉटिश खेळाडूची, पोरवयापासून वापरात असलेली आणि मूळची जेमतेम 40 पौंडांची क्यू 2003 मध्ये बँकॉकहून परतताना विमानप्रवासात मोडली. ती दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती. किमतीच्या हिशेबात नुकसान शून्यवत होते; पण क्यूचे वजन, तोल आणि शाफ्टची, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाची, लवचीकता हाताला ओळखीची व्हायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे कोणत्याही भरपाईच्या अर्जात लिहिता येत नाहीत.

नळी घ्यावी की नाही, हे क्यू कुठे उघडते यावर ठरते. पूलच्या क्यूचा जोड बहुधा बरोबर मध्यावर असतो. स्नूकरचे बरेच खेळाडू तीन-चतुर्थांश जोडाची क्यू वापरतात, कारण जोड मागच्या हाताजवळ गेला की पुढचा सारा शाफ्ट सलग लाकडाचा राहतो आणि फटक्याची जाणीव अधिक स्वच्छ येते. या क्यूचा लांब तुकडा 107 ते 109 सेंटिमीटर असतो. तिसरा प्रकार एकसंध क्यूचा, म्हणजे 145 ते 147 सेंटिमीटरची एकच काठी. आता विमान कंपन्यांचा नेहमीचा नियम पाहू: चेक-इनच्या नगाची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज 158 सेंटिमीटरपर्यंत असावी. माझ्या नळीचा व्यास सुमारे 11 सेंटिमीटर आहे. तीन-चतुर्थांश क्यूसाठी ती 120 सेंटिमीटरवर लावली तर बेरीज 142 होते आणि काउंटरवर टेप काढली गेली तरी चिंता नसते. एकसंध क्यूसाठी तीच नळी 155 वर न्यावी लागते, बेरीज 177 होते आणि नग मोठ्या आकाराचा ठरतो. त्याचे वेगळे पैसे लागतील की नाही, हे कंपनीच्या नियमावर आणि थोडेफार समोरच्या कर्मचाऱ्यावर अवलंबून राहते.

लांबी बदलण्याची सोय हाच या नळीचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो, पण तिचा कच्चा दुवाही तोच आहे. आतला भाग बाहेरच्या भागात जिथे शिरतो, तिथेच वाकवणारा जोर येतो. क्यू मोडते ती बहुतेक वेळा वाकून. तिच्यावर जड पेटी आडवी पडते किंवा दोन नगांच्या मधल्या पोकळीवर ती पुलासारखी टेकलेली राहते आणि वरून भार येतो. गोल नळी असा भार चांगला पेलते, मात्र दोन्ही भाग एकमेकांत पुरेसे शिरलेले असले तरच. 120 सेंटिमीटरला माझ्या नळीत लांबीचा मोठा हिस्सा दुहेरी भिंतीचा राहतो आणि मध्यावर गुडघा टेकून दाबले तरी ती हलत नाही. 155 ला हा दुहेरी हिस्सा वीतभरही उरत नाही आणि हातात धरून हलवली तरी मध्यावर खेळ जाणवतो. विक्रेते लिहितात की ती 160 पर्यंत वाढते. वाढते हे खरे. त्या अवस्थेत तिच्या भरवशावर एकसंध क्यू विमानात द्यावी असे मी कोणाला सांगणार नाही.

लांबी पक्की करण्यासाठी स्प्रिंगचे बटण आणि भोकांची ओळ आहे. बटण नवेपणी नेटके बसते. नंतर विमानतळावरची धूळ आत जाऊन ते अर्धवट बाहेर येऊ लागते आणि मग नळी आपोआप आखडण्याचा धोका निर्माण होतो. आखडणारी नळी क्यूच्या टोकावर थेट दाब देईल, म्हणजे जिच्यासाठी हा खटाटोप त्या टिपेवरच, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकावरच, संकट येईल. यावर साधा उपाय आहे: लांबी ठरल्यावर जोडावर रुंद चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्यावेत. झाकण आट्यांचे आहे आणि त्याला लहान कुलूप लावण्यापुरते छिद्र आहे. आटे खोल आहेत, आपटल्यावर झाकण उडून जात नाही, आणि या एका बाबतीत ही नळी अॅल्युमिनियमच्या नेहमीच्या केसपेक्षा स्पष्टपणे सरस आहे. अॅल्युमिनियमची केस मोटारीतून क्लबला जाण्यासाठी उत्तम. विमानाच्या सामानात मात्र तिचे कोपरे पिचकतात, रिव्हेट ढिले होतात आणि कोपऱ्यावर पडली की खटक्याची कुलुपे उघडू शकतात. अॅल्युमिनियमची केस नळीच्या आत घालावी असाही विचार काही जण करतात, परंतु रुंदीमुळे ती आत जात नाही.

नळीबरोबर येणारे अस्तर मात्र निकृष्ट आहे. दोन्ही टोकांना स्पंजची पातळ चकती आणि आत काहीच नाही, अशी क्यू आत टाकली तर ती प्रवासभर खुळखुळत राहील. माझी पद्धत अशी. दोन्ही तुकड्यांच्या जोडांना संरक्षक टोप्या लावतो, कारण जोडाचा स्क्रू आणि पितळी कडा दुसऱ्या तुकड्याच्या पॉलिशवर घासल्या तर खोल ओरखडे पडतात. मग दोन्ही तुकडे दोन कप्प्यांच्या मऊ पिशवीत जातात आणि पिशवीभोवती जाड टॉवेल गुंडाळला जातो. तळाला मोज्यांचे बोळे घालतो आणि शाफ्टची टिप वर, झाकणाच्या बाजूला ठेवतो. झाकण आणि टिप यांच्यामध्ये चार बोटे जागा मऊ कपड्यांनी भरतो. नळी काउंटरवर उभी आपटली जाते तेव्हा ती झाकणावर आपटू नये म्हणून झाकणाच्या बाजूला ‘वर’ असा बाण काढलेला आहे, पण त्याचा मान राखला जातो असे गृहीत धरू नये. भरल्यावर नळी कानाशी धरून हलवावी. आवाज आला तर अजून एक टीशर्ट घालावा. कपडे नळीत गेल्यामुळे सूटकेस तेवढी हलकी होते, हा एक आनुषंगिक फायदा.

वजनाचा विचार येथेच करू. रिकामी नळी अडीच किलोच्या आसपास आहे. क्यू स्वतः अर्ध्या किलोपेक्षा थोडी जड असते, म्हणजे वस्तूच्या चौपट वजन तिच्या वेष्टनाचे. देशांतर्गत प्रवासात बहुधा 15 किलोंची मर्यादा असते, त्यात हे बसते. खरी अडचण नगांच्या संख्येची आहे. काही कंपन्या 15 किलो आणि तेही एकाच नगात असा नियम लावतात. सूटकेस आणि नळी हे दोन नग झाले की वजन मर्यादेत असूनही जादा नगाचे शुल्क मागितले जाऊ शकते. मी देशात फिरताना शक्यतो कपडे केबिनच्या बॅगेत नेतो आणि नळी हा एकच नग चेक-इनला देतो. चार दिवसांच्या स्पर्धेला ते पुरते. टिप घासण्याची कानस आणि ब्लेड केबिनच्या बॅगेत राहणार नाहीत याची खात्री करावी. त्यांची जागाही नळीतच. टिपेला लावायचा चॉक हातातल्या सामानात चालतो.

काउंटरवर या आकाराकडे पाहून पहिला प्रश्न ठरलेला: “सर, यात काय आहे? रायफल?” शांतपणे “स्नूकरची क्यू” असे सांगितले की पुरते, आणि इंदूर किंवा बेंगळुरूसारख्या, हा खेळ परिचित असलेल्या शहरांत पुढे खेळाविषयी दोन शब्दही होतात. नळी नेहमीच्या पट्ट्यावरून न सोडता मोठ्या आकाराच्या सामानाच्या वेगळ्या जागी नेऊन द्यायला सांगतात. हे टाळण्यासारखे नसून मागून घेण्यासारखे आहे. नेहमीचा पट्टा वळणांवर लांब वस्तूला अडकवतो आणि उतारांवर मागून येणारी पेटी तिच्यावर घसरते. वेगळ्या जागी नग हाताने उचलला जातो. त्याला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, तेवढे लवकर निघावे. खांद्याचा पट्टा सोडवून आत ठेवावा, नाहीतर तो कुठेतरी अडकून तुटतो. त्याचे आकडे प्लॅस्टिकचे आहेत आणि नळीच्या एकूण दर्जाला शोभणारे नाहीत.

क्ष-किरण तपासणीत जोडाचे पितळ आणि पूलच्या क्यूच्या बटमध्ये, म्हणजे मागच्या जाड भागात, वजनासाठी घातलेला लोखंडी बोल्ट ठळक दिसतात. त्यामुळे नळी उघडून दाखवायला बोलावले जाण्याची शक्यता सूटकेसपेक्षा जास्त असते. कुलपाची किल्ली खिशात असावी आणि आतली बांधणी अशी असावी की तिऱ्हाइताने उघडून परत भरली तरी फार बिघडू नये. म्हणूनच टॉवेल आणि मऊ पिशवी एकत्र बांधलेली बरी. गठ्ठा बाहेर काढला, पाहिला, परत सरकवला. मोजे आणि चिंध्या सुट्या खुपसल्या असतील तर परत भरताना त्यांतले निम्मे बाहेर राहणार. अमेरिकेला जाताना तिथल्या यंत्रणेला स्वतःच्या चावीने उघडता येणारे कुलूप लावावे. साधे कुलूप तोडून पाहण्याचा अधिकार त्यांना आहे.

थंडीने क्यू वाकते ही समजूत बरीच पसरलेली आहे. प्रवासी विमानाच्या पोटात हवेचा दाब राखलेला असतो आणि तापमान केबिनपेक्षा कमी असले तरी काही तासांच्या गारव्याने सुकवून तयार केलेले अॅश किंवा मेपलचे लाकूड सहसा वाकत नाही. लाकडाला छळते ती आर्द्रता, आणि तीही रेंगाळत राहिली तर. मेच्या दुपारी धावपट्टीलगत उन्हात उभी असलेली सामानाची गाडी मला विमानापेक्षा अधिक चिंतेची वाटते. काळी नळी उन्हात चांगलीच तापते; हाच माल फिकट रंगात मिळत असेल तर तो घ्यावा, पट्ट्यावर ओळखायलाही तो सोपा पडतो. कोरड्या हवेतून पावसाळी मुंबईत किंवा गोव्यात उतरल्यावर शाफ्ट हाताला चिकट लागतो, तो लाकडावरच्या दमटपणामुळे. खोलीवर पोहोचल्यावर क्यू बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावी, वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतात ठेवू नये आणि भिंतीला तिरपी टेकवून तर मुळीच ठेवू नये. कार्बन फायबरच्या शाफ्टवर दमटपणाचा असा परिणाम होत नाही, पण टणक कडेवर आपटला तर त्यालाही तडा जाऊ शकतो. तेव्हा त्याला नळी लागत नाही असे मानू नये.

भरपाईविषयी कोणाचाही गैरसमज असू नये. देशांतर्गत प्रवासात सामान हरवले, मोडले किंवा उशिरा आले तर विमान कंपनीची जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे 20,000 रुपयांपर्यंत मर्यादित आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा माँट्रियल करार लागू असतो आणि त्यातली मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककांत मोजलेली रक्कम. हा आकडा साऱ्या सामानाचा मिळून आहे, केवळ क्यूचा नव्हे. हाताने घडवलेली, आबनुसाच्या बटची चांगली क्यू आणि तिच्याबरोबर सूटकेसही गेली तर देशातली मर्यादा लगेच ओलांडली जाते. माँट्रियल करारात सामान देतेवेळी जादा मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची तरतूद आहे. काउंटरवर ती मागणारे थोडे आणि जाणणारे त्याहून थोडे, तरी महागडी क्यू असणाऱ्याने विचारून पाहावे.

‘लिमिटेड रिलीज’ हे शब्द छापलेला टॅग पुढे करून सही मागितली जाते, त्याकडेही लक्ष असावे. नाजूक किंवा अपुऱ्या बांधणीच्या वस्तूच्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही, अशी ती कबुली असते. मऊ पिशवीतली क्यू दिली की हा टॅग जवळजवळ हमखास येतो. कठीण नळी पाहून बांधणी अपुरी आहे असे म्हणणे अवघड जाते आणि माझ्या अनुभवात सहीचा आग्रह कमी होतो. नळीचा हा कागदोपत्री उपयोग जाहिरातीत कुठे दिलेला नाही, पण मला तो तिच्या भिंतीइतकाच मोलाचा वाटतो. नळी बंद करण्याआधी आतल्या क्यूचे छायाचित्र घ्यावे, पोहोचल्यावर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी ती उघडून पाहावी आणि दोन्ही तुकडे सपाट जागी गडगडवून सरळ आहेत ना हे तपासावे. नुकसान दिसले तर तिथेच लेखी तक्रार नोंदवावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते. त्यानंतर दावा टिकत नाही.

जुन्या बिलियर्ड्सच्या क्यू वारशाने मिळालेल्यांसाठी एक वेगळी सूचना: क्यूवर कुठेही हस्तिदंत असेल तर ती देशाबाहेर नेण्याचा विचारच करू नये, तो प्रश्न कायद्याचा आहे, नळीने सुटणारा नाही.

मध्यावर उघडणारी पूलची क्यू असेल तर ही नळी घेऊ नये, असे माझे मत आहे. आतून 70 गुणिले 48 सेंटिमीटरच्या मोठ्या सूटकेसचा कर्ण सुमारे 85 सेंटिमीटर भरतो आणि 75 सेंटिमीटरचे तुकडे, मऊ पिशवीसह, त्यात तिरपे सहज बसतात. खाली-वर जीन्स आणि स्वेटर ठेवले की तिला नळीपेक्षा चांगली गादी मिळते, जादा नगाचा वाद उद्भवत नाही आणि आत काय आहे हे बाहेरच्या कोणाला कळत नाही. फक्त सूटकेस कठीण कवचाची असावी आणि टिप कोपऱ्याला टेकलेली नसावी. चार-पाच हजार रुपये त्यापेक्षा चांगल्या जोड-टोप्या आणि सामानाचा माग काढणारा छोटा टॅग यांवर खर्च करावेत.

तीन-चतुर्थांश क्यूवाल्यांनी नळी जरूर घ्यावी, अस्तर स्वतः करावे, बटणावर विसंबू नये. त्यांच्यासाठी या किमतीत दुसरा चांगला पर्याय माझ्या पाहण्यात नाही, आणि खांद्याच्या पट्ट्याचे आकडे व स्पंज सोडले तर मुख्य कामात नळी पुरी उतरते. एकसंध क्यूवाल्यांना मात्र देशातल्या देशात रेल्वेच सुचवेन: पुण्याहून इंदूरला रात्रभराचा प्रवास आहे आणि वरच्या बर्थवर भिंतीकडच्या बाजूला काठी निवांत आडवी राहते. परदेशीच जायचे असेल तर लांबी न बदलणारी, सलग जाड भिंतीची नळी घ्यावी आणि मोठ्या आकाराच्या नगाची नोंद तिकिटाबरोबरच, कंपनीकडून लेखी घेऊन करावी.